कानामागची खुंटी: बसवण्याआधी काय बघायचं, बसवल्यावर काय करायचं

माझी चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. लोखंडाला भोकं पाडली, आटे काढले, आटे कापायचे मोडलेले टॅप उपसून काढले. त्यामुळे डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं की कानामागे कवटीत ४ मिलिमीटर खोल भोक पाडून टायटॅनियमचा स्क्रू बसवायचाय, तेव्हा बायकोचा चेहरा उतरला आणि माझ्या तोंडून निघालं, "ड्रिल थंड ठेवायला कूलंट काय वापरता?" डॉक्टर हसले. "सलाईन. आणि पेशंटने हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला."

या स्क्रूवर कवटीच्या हाडातून ऐकवणारं मशीन अडकवतात. ज्यांचं हे ऑपरेशन ठरलंय किंवा ठरायचंय, त्यांच्यासाठी लिहितोय. भोक पाडायचं काम सर्जनचं, त्यात आपल्याला हात घालायचा नाही. पण आधीची पारख आणि नंतरची निगा आपली असते, आणि ती कुणी नीट बसवून सांगत नाही.

आधी ऑडिओग्राम वाचायला शिका

माझा उजवा कान लहानपणापासून वाहायचा. पडदा गेला, आतली नाजूक हाडं कुजली, दोन ऑपरेशनं झाली. साधं कानाचं मशीन लावलं की त्याचा साचा कानाला बूच मारतो, आत हवा खेळत नाही आणि आठवड्याभरात कान पुन्हा वाहायला लागतो. आतला शंख, म्हणजे कॉक्लिया, मात्र बऱ्यापैकी शाबूत होता. आवाज रस्त्यातच अडत होता, मुक्कामी नाही.

हे ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, दिसतं. त्यावर प्रत्येक कानाच्या दोन रेषा असतात: एक हवेतून ऐकण्याची, एक हाडातून. आकडा जितका मोठा तितकी रेषा खाली आणि तितकं ऐकू कमी. माझी हवेची रेषा ७० डेसिबलवर लोळत होती आणि हाडाची ३० वर. अशा दोन रेषांमध्ये मोठी फट असेल तर हाडातून आवाज पाठवणं कामाचं. स्क्रूवर बसणारं मशीन थरथरतं, ती थरथर कवटीतून थेट शंखापर्यंत जाते, पडदा आणि मधली हाडं वाटेत लागतच नाहीत. साधारण ताकदीची मशीनं हाडाची रेषा ४५ डेसिबलपर्यंत असेल तर चालतात, जास्त ताकदीची ५५ आणि ६५ पर्यंत. हाडाची रेषाच त्याच्याही खाली गेली असेल तर स्क्रू कितीही छान बसवा, उपयोग नाही.

दुसरा गट एका कानाने पूर्ण बहिरे झालेल्यांचा. त्यांचा दुसरा कान चांगला हवा, साधारण २० डेसिबलच्या आत. बहिऱ्या बाजूचा आवाज कवटीतून चांगल्या कानाला पोचतो. मात्र आवाज कुठल्या दिशेने आला हे त्यातून कळत नाही, कारण ऐकणारा कान एकच. हे आधी नीट समजून घ्या, नाहीतर नंतर मशीनवर राग निघतो.

पट्टा लावून बघितल्याशिवाय होकार देऊ नका

स्क्रू बसवण्याआधी तेच मशीन डोक्याला इलॅस्टिकच्या पट्ट्याने बांधून बघता येतं. सॉफ्टबँड म्हणतात त्याला. मी पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेलो तिथे याचा विषय कुणी काढलाही नाही, थेट ऑपरेशनची तारीख द्यायला निघाले. मी उठून आलो. दुसऱ्या ठिकाणी ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाने, पट्टा बांधून दिला आणि सांगितलं, "शांत खोलीत बसून बघू नका. जिथे ऐकू येत नाही म्हणून चिडता, तिथे जा." मी लग्नाच्या जेवणात बसलो, फोनवर बोललो, नातवाबरोबर पत्ते खेळलो. नातवाचं "आजोबा, ऐका ना" म्हणणं कमी झालं, मी तेवढ्यावर ठरवलं.

पट्ट्यावर ऐकताना एक लक्षात ठेवा. मशीन आणि हाड यांच्यामध्ये कातडी असते आणि कातडी उंच पट्टीचे आवाज गिळते. 'स', 'श', 'च' बोथट येतात. स्क्रूवर थेट बसलं की हे आवाज उघडतात. म्हणजे पट्ट्यावर थोडाफार फायदा जाणवला तर स्क्रूवर तो वाढेल. पट्ट्यावर काहीच जाणवलं नाही तर मात्र थांबून ऑडिओलॉजिस्टशी पुन्हा बोला.

साधारण पाच वर्षांखालच्या मुलांना पट्ट्यावरच ठेवतात, कवटी पातळ असते म्हणून. पुढेही मुलांच्या बाबतीत स्क्रू बसवल्यावर मशीन लावेपर्यंत थांबायचा काळ मोठ्यांपेक्षा बराच जास्त, काही महिन्यांचा असतो.

मोठी चीर की छोटं भोक

डॉक्टरांच्या बोलण्यात 'बाहा' हा शब्द येतो, तो खरं तर एका कंपनीच्या यंत्राचा. कल्पना स्वीडनची. ब्रोनेमार्क नावाचे संशोधक डॉक्टर १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमच्या नळ्या बसवून रक्तप्रवाह बघत होते. काम झाल्यावर नळ्या काढायला गेले तर निघेनात, हाड धातूला धरून बसलेलं. टूलरूममध्ये पार्ट जाम झाला की आम्ही शिव्या द्यायचो. त्यांनी त्यातून आधी दात बसवले, आणि १९७७ मध्ये गोथेनबर्गला पहिल्या पेशंटांच्या कानामागे असे स्क्रू लागले.

जुन्या पद्धतीत कानामागची कातडी सोलून पातळ करायचे, खालचं मांस काढायचे. तिथे कायमचं टक्कल पडायचं, जागा बधिर व्हायची, जखम भरायला वेळ लागायचा. मग कळलं की कातडी पातळ न करता फक्त उभी चीर देऊन स्क्रू बसवला तरी चालतं. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे छोट्या भोकाची पद्धत: ५ मिलिमीटरच्या गोल पंचाने कातडीची टिकली कापून काढायची आणि त्याच भोकातून सगळं काम करायचं. चीर नाही, टाका नाही. त्या भोकातून मशीन अडकवायची खुंटी वर येते आणि कातडी तिला चहूबाजूंनी चिकटून बसते.

डॉक्टर त्या खुंटीला अबटमेंट म्हणतात. मी खुंटीच म्हणणार.

आता कामगार म्हणून एक शंका सांगतो, कारण मी ती डॉक्टरांनाही सांगितली. उघड्या चिरेत सर्जनला हाड दिसतं. ५ मिलिमीटरच्या भोकातून फारसं दिसत नाही आणि पाणी आतपर्यंत पोचवणं अवघड. हाडाला ४७ अंश सेल्सिअसची ऊब मिनिटभर लागली तरी त्यातल्या पेशी मरायला लागतात. लोखंड तापलं की निळं पडतं, आपल्याला कळतं. हाड काही बोलत नाही, पुढे काही आठवड्यांनी स्क्रू ढिला होऊन हातात येतो. म्हणून या पद्धतीत भोकात एक छोटी नळी बसवतात, ती सलाईनने भरलेली ठेवतात आणि ड्रिल सतत खालीवर करतात, म्हणजे हाडाचा चुरा वर येतो आणि पाणी खाली जातं. खोल भोक पाडताना आम्हीही हेच करायचो. त्यामुळे सर्जनला बिनधास्त विचारा: ही पद्धत तुम्ही किती जणांवर केलीय? चांगला सर्जन चिडत नाही. माझ्या डॉक्टरांनी उत्तर दिलं आणि वर सांगितलं की आत गेल्यावर हाड पातळ निघालं किंवा रक्त जास्त आलं तर मी चीर देईन, त्याची तयारी ठेवा. मला हे ऐकून जास्त भरवसा वाटला.

सगळ्यांना छोटं भोक चालत नाही. कातडी १२ मिलिमीटरपेक्षा जाड असेल, त्या जागी रेडिएशन दिलेलं असेल किंवा हाड ३ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर दुसरा मार्ग काढतात. माझी जुनी ऑपरेशनं कानाला लागून झाली होती, नवी जागा त्यापासून लांब होती, पण तरी डॉक्टरांनी सीटी स्कॅन बघून घेतला.

जागा ठरवताना चष्मा घालून जा

स्क्रूची जागा कानाच्या भोकापासून साधारण ५ ते साडेपाच सेंटिमीटरवर, वर आणि मागे. मशीन कानाच्या पाळीला टेकता कामा नये, टेकलं की शिट्टी वाजते. चष्म्याची काडी, टोपी, हेल्मेट यांचंही तेच.

म्हणून खूण करायच्या दिवशी नेहमीचा चष्मा नेसत्या कपड्यासारखा घालून जा. हेल्मेट वापरत असाल तर तेही घेऊन जा, लाज बाळगू नका. माझी पहिली खूण चष्म्याच्या काडीला अगदी लागून आली होती. मशीनचा नमुना खुणेवर धरून बघितला तेव्हा दिसलं. खूण सात-आठ मिलिमीटर मागे सरकवली. ड्रिल मारल्यावर खूण सरकत नाही.

औषधांची यादी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, तंबाखू हे सगळं न लपवता सांगा. धूम्रपानाने हाड स्क्रूला नीट धरत नाही. मी विडी सोडून अकरा वर्षं झाली होती, तरी डॉक्टरांनी दोनदा विचारलं.

त्या दिवशी

मला जागच्या जागी भूल दिली. टेबलावर आडवं केल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल तर बारीक सुई हाडाला टेकेपर्यंत घालून कातडीची जाडी मोजली. ५ मिलिमीटर भरली. हे माप भुलीचं इंजेक्शन देण्याआधी घ्यावं लागतं, कारण इंजेक्शनच्या पाण्याने कातडी फुगते आणि माप चुकतं. त्या मापावरून खुंटीची उंची ठरते. मला ९ मिलिमीटरची लागली. माप घेताना टोचलं, पण ते सहन करा. खुंटी आखूड निघाली तर कातडी तिच्यावर चढते, नको इतकी उंच निघाली तर येता-जाता अडकते.

मग पंच. दाब जाणवतो, दुखत नाही. मग ड्रिल, मिनिटाला दीड-दोन हजार फेरे. आधी ३ मिलिमीटर खोल. तळाला अजून हाड आहे का हे चाचपून बघितलं, मग ड्रिलची खोली रोखणारी कॉलर काढून ४ मिलिमीटर. त्यानंतर भोक रुंद करणारं दुसरं बिट. आमच्याकडे काउंटरसिंक म्हणतात तशातलंच. आवाजाची मात्र तयारी ठेवा. कातडी बधिर असते, शंख नाही, आणि ड्रिल तर थेट कवटीतच चाललेलं असतं. इतकी वर्षं उजवीकडून धड ऐकलं नव्हतं आणि त्या दिवशी उजवीकडून लेथ चालू झाल्यासारखं वाटलं. वाईट नाही, फक्त मोठं.

शेवटी स्क्रू. त्याला स्वतःच हाड कापत जाणारे आटे असतात, वेगळा टॅप मारावा लागत नाही. तो अगदी हळू फिरवत, ठरलेल्या टॉर्कवर, म्हणजे पिळायच्या मोजक्या जोरावर, बसवतात. खुंटी त्याच्याबरोबर आधीच जोडलेली. वर प्लॅस्टिकची मऊ टोपी, टोपीखाली मलमाची पट्टी, त्यावर डोक्याला बँडेज. सगळं मिळून वीस मिनिटंही लागली नाहीत. त्याच संध्याकाळी मी घरी होतो.

बँडेज दुसऱ्या दिवशी सुटलं. प्लॅस्टिकची टोपी आठवड्याभराने डॉक्टरांनीच काढली. तोपर्यंत जागा कोरडी ठेवायची, त्या कुशीवर झोपायचं नाही. दोन दिवस ठणकलं, पॅरासिटामॉलवर भागलं. खुंटीभोवती खपली धरते. तिला नखाने उचकटू नका. मला माझी सवय ठाऊक, लोखंडाच्या कडेला बर, म्हणजे उरलेला खरखरीत काठ, दिसला की खरवडणार. बायकोने पहिले दहा दिवस रात्री हातात सुती मोजे घालायला लावले.

निगा: इथे लोक चुकतात

खुंटी कातडीतून आरपार बाहेर आलेली असते. अशी कातडी कधीच पूर्ण बंद होत नाही, ती फक्त खुंटीला धरून राहते. त्या सांध्यात मेलेली कातडी, साबणाचा फेस आणि केस अडकतात. म्हणून रोज साफ करायचं, आयुष्यभर.

माझी पद्धत अशी. आंघोळीआधी मशीन काढून कोरड्या डबीत ठेवतो, त्याला पाणी चालत नाही. केस धुताना सौम्य साबणाचा फेस खुंटीभोवती जाऊ देतो, म्हणजे खपल्या मऊ होतात. मग लहान मुलांचा अगदी मऊ दातांचा ब्रश घेऊन खुंटीच्या बुडाभोवती गोल फिरवतो, एकदा बाहेरून, एकदा खुंटीच्या आतल्या कडेवरून. जोर अजिबात नाही. स्वच्छ पाण्याने धुतो आणि टिपतो. स्पिरिट लावत नाही, कातडी कोरडी पडून चिरते. ब्रश दर तीन महिन्यांनी बदलतो आणि त्याला लाल दोरा बांधलाय, नाहीतर घरात कुणीतरी त्याने दात घासेल.

केसांवर लक्ष ठेवा. गळलेला केस खुंटीभोवती दोऱ्यासारखा गुंडाळतो आणि खाली कातडीत शिरतो. आपल्याला स्वतःला कानामागचं दिसत नाही. त्यासाठी दर रविवारी बायको मोबाईलवर जवळून एक फोटो काढते. आधीच्या आठवड्याच्या फोटोशेजारी ठेवून बघतो. डोळ्यांना रोज बघून फरक कळत नाही, दोन फोटोंमध्ये लगेच कळतो.

डॉक्टर कातडीची अवस्था शून्य ते चार अशी मोजतात. शून्य म्हणजे काही नाही. एक, थोडी लाली. दोन, लाल आणि ओलसर. तीन, लाल मांसाचे कोंभ फुटलेले. चार, संसर्ग इतका की खुंटी काढावी लागते. मला मध्ये आठवडाभर ताप होता, अंथरुणातून उठलो नाही, ब्रश राहिला. रविवारच्या फोटोवर बायको म्हणाली, "अहो, हे पाणचट दिसतंय." म्हणजे दोनवर गेलं होतं. डॉक्टरांनी साफ करून मलम दिलं, दहा दिवसांत पूर्ववत झालं. एकवर असेल तर सफाई वाढवा, दोन दिवसांत निवळलं नाही तर दाखवा. दोनच्या पुढे घरी काही करत बसू नका. आणि डोक्यावर मार लागला, खुंटी हलतेय असं वाटलं, तर त्याच दिवशी जा.

मशीन चालू

पूर्वी हाड धरण्यासाठी तीन महिने थांबायचे. आता मोठ्यांमध्ये, हाड चांगलं असेल तर, तीनेक आठवड्यांत मशीन लावतात. ऑडिओलॉजिस्ट मशीन खुंटीवर लावून त्याच्यातूनच बीप पाठवतो आणि तुमच्या कवटीला किती आवाज लागतो ते मोजून त्याप्रमाणे मशीन जुळवतो. चालू झाल्यावर मी खिशातला व्हर्निअर, बारीक मापं घ्यायचा, काढला आणि त्याचा जबडा मिटला. टक्. उजवीकडून. सवय म्हणून खिशात असतो तो, नोकरी सुटली तरी.

सुरुवातीला स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो, चावताना कडकड होते. पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज थोडं जास्त, असं वाढवत न्या.

मशीन लावताना समोरून दाबू नका. एक कड आधी टेकवा, तिरकं करून दुसरी कड बसवा, टिच् असा आवाज येतो. काढतानाही बोट खाली घालून तिरकं करूनच. मी पहिल्या महिन्यात नट आवळावा तसा ते पिळून बसवायचो, हाताची खोड. परिणाम: खुंटीचा आतला स्क्रू ढिला झाला. आवाज खडखडायला लागला, मध्येच शिट्टी. मला वाटलं मशीन बिघडलं. ऑडिओलॉजिस्टने छोटा टॉर्क पाना काढून २५ न्यूटन-सेंटिमीटरवर आवळलं, दोन मिनिटांचं काम. मी तो पाना हातात घेऊन बघितला, सुरेख होता. घरच्या पान्याने हे करायचा मोह झाला तर आवरा. जास्त जोर लागला तर हाडातला स्क्रू फिरेल.

मशीनला बारीक दोरी आणि चिमटा मिळतो, तो कॉलरला लावा. मशीन पडलं तरी हरवत नाही. हवेवर चालणाऱ्या बॅटरीची चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर तशीच ठेवा, मग घाला. जास्त टिकते.

एमआरआय करायची वेळ आली तर मशीन बाहेर काढून ठेवायचं. टायटॅनियमचा स्क्रू आणि खुंटी चुंबकाला ओढ घेत नाहीत, तरी तिथल्या माणसाला आधी सांगा आणि इम्प्लांटचं कार्ड दाखवा, कारण तपासणी कुठल्या अटींवर करायची ते त्यावरून ठरतं आणि डोक्याच्या चित्रात त्या जागी डाग येतो. ज्यांच्या यंत्रात कातडीखाली चुंबक असतो त्यांचे नियम वेगळे, माझं ऐकून चालू नका. न्हाव्यालाही आधी सांगा, त्या बाजूला केस कापायचं मशीन फिरवताना खुंटीवर बोट ठेवायला लावा. केसांना रंग लावत असाल तर खुंटी झाकून घ्या.

आमच्या मोबाईलमध्ये आता माझ्या कानामागचा वेगळा फोल्डर आहे. नातवाने त्याला 'आजोबांचा नट' असं नाव दिलंय. परवाच्या रविवारचा फोटो एकशे बारावा होता. शून्य.